टिटवीची शिकवणी

माळावर अजून कुंपणं आली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका टिटवीची चारही अंडी मुंगसाने खाल्ली. रडून झालं तशी ती उठली आणि शेजारच्या तित्तिरीच्या पिल्लांना रोज सकाळी शिकवायला लागली.

"घार दिसली की पळायचं नाही. आहे तिथे मातीला चिकटायचं. जे हलतं, तेच घारीला दिसतं."

तित्तिरीला हे मुळीच खपेना. "बाई गं, स्वतःची चार राखता आली नाहीत, आणि माझ्या सातांना शहाणपण शिकवतेस? माझी पोरं माझ्या एका हाकेला बोरीच्या जाळीत धावत येतात."

टिटवीला हे बोल लागले. पण दुसऱ्या सकाळी बया पुन्हा हजर.

एकदा पिल्लं उघड्या माळावर दाणे टिपत होती आणि जमिनीवरून सावली सरकली. "दबा!" टिटवी हवेतून ओरडली. सातही पिल्लं ढेकळांसारखी मातीला चिकटली. तेवढ्यात तित्तिरी बोरीच्या जाळीतून किंचाळत बाहेर पळाली, "अगं पळा, माझ्याकडे या!"

धाकटीने मान उचलली. वर घारीने पंख मिटले.

"मान खाली घाल, मेले! आणि तू तोंड मिट गं, पोर जाईल तुझी!"

धाकटी दबली. तित्तिरीही होती तिथेच मातीत पडली. घार खाली आली, तिला नुसती ढेकळं दिसली. ती फिरून पुन्हा आली, मग वर गेली.

बऱ्याच वेळाने मातीतून तित्तिरीचा बारीक आवाज आला, "टिटवे, उठू का गं?"

"गप पड. मी सांगितल्याशिवाय कुणी हलायचं नाही."

तित्तिरी हलली नाही.