खळीतली सोयरीक

त्या राज्यात सगळे तुकडेच राहत. अखंड असं कुणी नव्हतं. एकाच पैठणीच्या लांबलचक काठाच्या कितीतरी सारख्या प्रती वेगवेगळ्या जागी फाटून झालेल्या चिंध्या त्या, म्हणून एकीचं टोक शेजारणीतही असायचं, पण जो तो स्वतःला पुरतं वस्त्र समजे आणि अंगाची घट्ट गुंडाळी करून बसे. आपली नक्षी दुसऱ्याला दाखवायची नाही, ही तिथली खानदानी रीत.

एकदा काठ पुन्हा सांधायचं ठरलं. ज्याची जागा लागेल तो काठात, उरेल त्याचं पायपुसणं. उणी नावाच्या आखूड चिंधीचं काळीजच उडालं. चिंधीला काळीज कसलं म्हणाल, पण होतं. तिला ना मागचं कुणी ठाऊक, ना पुढचं.

निवाडा कातरमावशीकडे आला. मावशी तोंडाची तिखट, पण चावा घेई तो एकाच जातीच्या गाठीवर. दुसऱ्या धाग्याला दात लावत नसे. तिनं मागाकडून प्रत्येकाची हुबेहूब नक्कल विणवून घेतली, ती नक्कल गाठीगाठीवर कापली आणि कात्रणं परातभर खळीत सोडली.

"पळा रे!"

काय ती पळापळ! बारकी कात्रणं सुळकन पुढं, लठ्ठ मागं धापा टाकत. खळ घट्ट झाली तसं जो तो होता तिथं अडकला, आणि प्रत्येकाच्या रांगेचा वेगळा ठसा उमटला.

उणीचं एक कात्रण जरीबुवांच्या एका कात्रणाच्या अगदी बरोबरीला थांबलं होतं. जरीबुवा म्हणजे राज्यातलं बडं प्रस्थ. उणी धावत जाऊन त्यांना बिलगली. "बुवा, मी तुमचीच!"

"लांब हो! एक गुण जुळला की सोयरीक होते का गं? एवढं तर माझं पायपुसण्याशीही जुळेल."

"खरंय," मावशी म्हणाली. "एकाचं काय, चुकूनही जुळतं. पण बुवा, तुमची रांग अशी ओकीबोकी कशी? अर्धी कात्रणं बुडाखाली घेऊन बसलात की काय?"

सगळी सभा खदखदली. बुवांना उठून दडवलेली कात्रणं द्यावीच लागली. मावशीनं नवी खळ ओतली आणि सगळ्यांना पुन्हा पळवलं. या खेपेला उणीची अर्धी रांग बुवांच्या रांगेशी जुळली, कात्रणाला कात्रण.

"आणि उरलेली अर्धी?" उणीनं भीत भीत विचारलं.

ती जुळली विटकीशी. कोपऱ्यातली ही चिंधी. तिच्या वाऱ्यालाही बुवा उभे राहत नसत.

"म्हणजे ही माझी..." बुवांचा आवाज चिरकला.

"शेजारीण. मधे काय ती एक उणी," मावशी म्हणाली. "चला, गुंडाळ्या सोडा. आडवे व्हा."

उणी मधे निजली. तिचं एक टोक बुवांच्या अंगावर, दुसरं विटकीच्या. धाग्यावर धागा बसला. बुवा ज्याला घराण्याचा मुकुट म्हणत, तो निघाला तुरा. विटकी ज्या काळ्या रेघा जन्मभर पोटाशी लपवत आली, ते निघाले पाय. आणि उणीच्या आखूड अंगावरून निळीभोर मान वळत वळत खाली उतरली.

बाकीच्या चिंध्या माना उंचावून पाहू लागल्या. मोर उभा होता, एक पाय उचलून, नाचायच्या बेतात.