शेजारची खुर्ची

एकदा एका वृद्ध फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शकाचा पॅरिसमध्ये सत्कार ठरला. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी एक नवी रीत पाडली होती. दोन माणसे बोलू लागली की त्यांचा कॅमेरा बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्थिरावत असे. देशोदेशीच्या दिग्दर्शकांनी पुढे तीच पद्धत उचलली.

समारंभात आपल्या शेजारी कोणाला बसवायचे, हे त्यांनीच सांगायचे होते. नऊ वर्षे हाताखाली राबलेल्या शिष्याने ती खुर्ची आपलीच धरली आणि नवा कोटही शिवून घेतला. त्याचा पहिला चित्रपट समारंभानंतर महिन्याभराने प्रदर्शित व्हायचा होता. गुरूंच्या शेजारी लोकांनी आपल्याला पाहिले की अर्धी लढाई जिंकली, असे त्याला वाटे.

गुरूंनी ती खुर्ची एका म्हाताऱ्या समीक्षक बाईंना दिली. गुरूंच्या पहिल्या चित्रपटाची सालटी काढणारा लेख याच बाईंचा. शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गुरुजी, तुमची लक्तरं वेशीवर टांगणारीला हा मान? मग आम्ही नऊ वर्षं काय केलं?"

गुरू शांतपणे म्हणाले, "बस जरा. तिनं लिहिलं होतं, या चित्रपटात सगळे बोलतात, ऐकत कोणीच नाही. तीन दिवस मी तिला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी तिकीट काढून मागच्या रांगेत बसलो आणि माझी मलाच लाज वाटली. पुढच्या चित्रपटात कॅमेरा ऐकणाऱ्याकडे वळवला. लोक त्याला माझी प्रतिभा म्हणतात. पहिल्या चित्रपटावर मित्रांनी माझी पाठ थोपटली होती. त्यांचं प्रेम खरंच होतं, पण त्यावर मी होतो तिथेच राहिलो असतो. तिचे आभार मानायला फार उशीर झाला रे. आता आणखी नको."

समारंभाच्या दिवशी बाई काठी टेकत आल्या, तेव्हा खुर्ची शिष्यानेच पुढे ओढली.

"मादाम, माझा चित्रपट तयार आहे. सगळ्यांच्या आधी तुम्ही पाहाल का?"

"आवडला नाही तर तोंडावर सांगेन."

"म्हणूनच विचारतोय. अजून महिना हाताशी आहे."

बाईंनी पर्समधून लहानशी वही काढली आणि कोणत्या दिवशी यायचे ते लिहून घेतले.