पट्टी सोडायचा दिवस

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या वृद्ध माळ्याकडे एकदा एक निवृत्त पोस्टमन आंब्याची कलमे बांधायला शिकू लागला. शिष्याचे वय त्रेसष्ट, गुरूंचे ऐंशीला टेकलेले. गाव दोघांची थट्टा करी, पण शिष्याच्या हाताला गुण होता.

कलमाची रीत साधी. कोयीतून उगवलेल्या रोपावर जातिवंत आंब्याची काडी बसवायची, जोडावर पट्टी घट्ट बांधायची आणि तीन आठवडे ती सोडायची नाही. काडीने जीव धरला की नाही, ते आतल्या आत ठरते. माळ्याने फक्त रोपाला पाणी घालायचे.

त्या वर्षी शिष्याच्या रक्ततपासणीत प्रोस्टेट ग्रंथीचा आकडा जास्त निघाला. डॉक्टरांनी ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले आणि सांगितले, "कर्करोग आहे की नाही, ते दहा दिवसांत कळेल."

मन चिंती ते वैरी न चिंती. आपण लघवीला किती वेळा जातो, ते शिष्य कॅलेंडरवर रेघा मारून मांडू लागला. कंबर जराशी दुखली की तिथे बोट दाबून पाही. मोबाइलवर एखादे लक्षण वाची आणि संध्याकाळपर्यंत ते अंगात शोधून काढी. त्याला मरणाचे भय वाटत होते आणि ते बोलून दाखवण्याची लाजही वाटत होती. बायकोने वाढलेले घावन ताटात तसेच गार होई.

अखेर त्याने गुरूंना सांगितले. गुरूंनी सगळे ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी शिष्य बागेत आला, तर गुरू त्यानेच आठवड्यापूर्वी बांधलेल्या एका कलमाची पट्टी सोडून जोडाकडे टक लावून बसलेले. थोड्या वेळाने त्यांनी पट्टी पुन्हा बांधली. तिसऱ्या दिवशी तेच कलम, तीच पट्टी. चौथ्या दिवशीही तेच. काडी काळवंडली.

पाचव्या दिवशी शिष्याला राहवेना. "अण्णा, काय चालवलंय हे? मी पट्टीला नुसतं बोट लावलं तर ओरडायचात! मेलं की हो ते."

"लागलंय का ते बघत होतो," गुरू म्हणाले. "जिवाला घोर लागला होता."

"रोज सोडून बघितल्यानं कलम लागतं का?"

"नाही लागत?"

शिष्याने काळवंडलेल्या काडीकडे बोट केले.

"भाऊ," गुरू शांतपणे म्हणाले, "कलमाला माझं बघणं बाधलं. तुमचा आजार असला, तरी तुम्ही बघितल्यानं तो वाढणार नाही, कमीही व्हायचा नाही. तपासणी केलीत, शहाणपण केलंत. जे निघेल त्यावर डॉक्टर उपाय सांगतील. पण या पाच दिवसांत वाळलात ते तुम्ही. जन्मभर लोकांची पाकिटं वाटलीत, एक तरी वाटेत फोडलंत का? मग स्वतःचं, अजून न आलेलं, रोज कसं फोडता?"

शिष्याचे डोळे भरून आले. "भीती वाटते हो, अण्णा."

"वाटणारच. सात वर्षांपूर्वी माझे तुकडे असेच तपासायला गेले होते. तो अहवाल येईपर्यंत मी चाळीस कलमं सोडसोडून मारली. अहवालात आजार निघाला, त्यावर उपचार झाले, अजून इथं बसलोय. ती चाळीस मात्र हकनाक गेली. तुमचं एकावर भागवलं."

शिष्याला रडता रडता हसू आले. उरलेले दिवस त्याने रोपांना पाणी घातले. भीती काही गेली नाही; तीही झारीबरोबर रांगेतून फिरत राहिली. दहाव्या दिवशी अहवाल तयार असल्याचा फोन आला, तेव्हा त्याने शेवटच्या रांगेला पाणी दिले, हात धुतले आणि बायकोला बरोबर घेऊन तो निघाला.

ही गोष्ट सांगितली की श्रोते विचारतात, अहवाल काय आला? ते मला ठाऊक नाही. तीन आठवडे भरले त्या सकाळी पट्ट्या सोडायला शिष्य वेळेवर हजर होता आणि एका कलमाखेरीज बाकी सगळी लागली होती, एवढे मात्र ठाऊक आहे.