कल्हईवाल्याच्या घरचं ताक

एका गावात एक कल्हईवाला होता. त्याच्या हाताला गुण होता आणि जिभेला त्याहून जास्त. चौकात चिंचेखाली त्याची भट्टी. भाता फुसफुसायचा, भांडं तापायचं, नवसागराचा धूर उठायचा, आणि कथलावरून कापसाचा बोळा असा गर्रकन फिरायचा की काळंकुट्ट पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं.

हात चालायचा तसं तोंडही चालायचं. "या काकू, बसा. गुडघा काय म्हणतो?" "वहिनी, धाकट्याचा ताप उतरला का?" "मावशी, उन्हात नका उभ्या राहू, हे पोतं घ्या अन् टेका." सगळ्या गावाचे गुडघे, ताप आणि पोरांचे दात त्याला तोंडपाठ. बायका घरी जाऊन नवऱ्यांना ऐकवायच्या, "जरा त्या कल्हईवाल्याजवळ चार दिवस बसा. बोलायचं कसं ते शिकून या!" गावातल्या नवऱ्यांना तो फारसा आवडत नसे, हे ओघानं आलंच.

आता हाच माणूस संध्याकाळी घरी आला की काय व्हायचं? काही नाही. दिवसभर राबलेली जीभ उंबऱ्यातच आडवी व्हायची. बायको सगुणा विचारायची, "आलात?" हा म्हणायचा, "दिसत नाही का?" मुलगी बकुळा काही सांगायला आली की, "आत्ता डोकं खाऊ नकोस." मग जेवण, आणि जेवणानंतर घोरणं.

घरच्या भांड्यांचीही तीच गत. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की त्यात आंबट काही ठेवता येत नाही. कळकतं, हिरवट होतं, तोंडात धरवत नाही. अख्ख्या गावाच्या कढ्या-आमट्या या बाबाच्या जिवावर सुखरूप, आणि याच्या स्वतःच्या घरी ताक कळकायचं! सगुणा दोन वर्षं मागे लागली होती, "अहो, त्या मोठ्या पातेल्याला तेवढा हात लावा." याचं उत्तर ठरलेलं, "अगं, घरचंच तर आहे. करू कधीतरी."

अशात बकुळाला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. चांगली दहा माणसं. एवढ्यांची चिंचगुळाची आमटी त्या मोठ्या पातेल्यातच व्हायची. उद्यावर पाहुणे आले तरी पातेलं आहे तसंच, आणि इकडे बकुळा कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेली.

"मला लग्नच करायचं नाही," ती म्हणाली.

"का गं? मुलगा चांगला आहे. फार गोड बोलतो म्हणे."

"म्हणूनच नको. बाबापण गोडच बोलतात. चौकात!"

सगुणाला हसू आलं, पण ते लगेच मावळलं. पोरगी खोटं थोडंच बोलत होती? आपण इतकी वर्षं निभावून नेलं, पण पोरीनं ते सगळं बघितलं होतं आणि आता ती चांगल्या घरालाही नाही म्हणायला निघाली होती. सगुणा उठली. डोईवरून पदर घेतला, पातेलं कमरेवर घेतलं आणि थेट चौकात जाऊन बायकांच्या रांगेत उभी राहिली.

तिची पाळी आली. कल्हईवाला खाली मान घालून भाता ओढत होता. पातेल्याचा काठ तेवढा त्याला दिसला.

"या वहिनी, या! टेका जरा. लांबून आलात वाटतं?"

"फार लांबून," सगुणा म्हणाली. "तुमच्या स्वयंपाकघरातून."

बायका खो-खो हसल्या. कल्हईवाल्यानं मान वर केली, आणि त्याचा पारा चढला. "तू? इथं कशाला तडफडलीस? घरी सांगता येत नव्हतं? चारचौघांत माझी शोभा करायला आलीस होय?"

भाता थांबला. हा आवाज गावानं कधी ऐकलाच नव्हता. मग गावातली सगळ्यात म्हातारी यमुनाआजी काठी टेकत पुढे आली. "माझी घागर दे बाबा परत. घरच्या बाईवर असा वसकन येणारा माणूस माझ्या गुडघ्याची चौकशी करतो, ती काय खरी समजायची मी?" तिनं घागर उचलली. बाकीच्या बायकाही आपापल्या भांड्यांकडे बघायला लागल्या.

कल्हईवाल्याला एक वाट मोकळी होती. एखादी गंमत करायची, सगळ्यांना हसवायचं आणि वेळ मारून न्यायची. त्यात तर त्याचा हातखंडा! तोंड उघडलंही त्यानं. पण तेवढ्यात सगुणा हळूच म्हणाली, "तुमची शोभा करायला नाही आले हो. उद्या पाहुणे येतायत, आणि पोरगी म्हणते, बाबांसारखा गोड बोलणारा नवरा मला नको."

गंमत राहिली बाजूला. तो उठला. तिच्या कमरेवरचं पातेलं घेतलं, पोतं झटकून अंथरलं. "बस, सगुणा." मग काहीतरी आपुलकीनं विचारावं म्हणून त्यानं शब्द शोधले, तर काय विचारावं हेच त्याला सुचेना! गावातल्या प्रत्येकीचं दुखणं ठाऊक, आणि हिचं?

"तुझं... तुझं काय दुखतं गं?" त्यानं विचारलं.

"डावा खांदा," सगुणा म्हणाली. "दोन पावसाळे झाले."

त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "धूर गेला." भट्टी केव्हाची विझत आली होती, पण बायकांनी त्याला धूर म्हणू दिलं. यमुनाआजीनं घागर परत खाली ठेवली. "राहू दे इथंच. पण आधी तिचं पातेलं. आणि नीट कर हो, उरकू नकोस!"

त्या संध्याकाळी तो घरी आला तो पायरीवरच बसला. तांब्याभर पाणी प्यायला आणि आतल्या दोघींना म्हणाला, "मी दमलोय. घटकाभर गप्प बसतो, मग आत येतो. रागावलेला नाही बरं का." एवढंच वाक्य, पण सगुणाला ते इतकं नवीन होतं की ती दोनदा दाराशी येऊन बघून गेली. बकुळाला मात्र अजून खात्री वाटेना. एका दिवसाचं कौतुक आहे, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. आमटी फर्मास झाली होती, दोनदा वाढून घेतली सगळ्यांनी. जेवणं उरकल्यावर मुलाची आई म्हणाली, "पोरी, आमच्या मुलाला काही विचारायचंय का?"

"तुम्हाला विचारते," बकुळा म्हणाली. "हे इथं छान बोलतायत. पण दमून घरी आल्यावर तुमच्याशी कसे बोलतात?"

मुलगा कानापर्यंत लाल झाला. त्याची आई मनापासून हसली. "खरं सांगू? कधी कधी ओरडतो मेला. पण मग आपणहून जवळ येऊन बसतो आणि चुकलं म्हणतो."

बकुळानं बाबांकडे पाहिलं. कल्हईवाल्यानं घसा खाकरला. समोर दहा पाहुणे, उद्याचे व्याही, आणि भिंतीशी पदर सावरत उभी असलेली सगुणा. काही न बोलता गप्प राहिला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"सगुणा," तो म्हणाला, "काल चौकात तुझ्यावर ओरडलो. चुकलं माझं."

सगुणानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि बकुळा मुलाच्या आईकडे वळून म्हणाली, "मला पसंत आहे."

तात्पर्य काय, तर दिवसभराचे गोड शब्द सगळे बाहेरच वाटून येऊ नयेत, घरच्यांचा वाटा राखावा. आणि चारचौघांत ओरडलो असू, तर चूकही चारचौघांतच कबूल करावी.