पाचूची पिसं

फार जुनी गोष्ट. गावाबाहेरच्या एका वडावर पोपटांचा मोठा थवा राहायचा. रोज तिन्हीसांजेला म्हातारे रावजी फांदी-फांदीवर जाऊन "कसं काय?" असं विचारायचे आणि जो तो "मजेत!" म्हणायचा. पिल्लांना उडायला नंतर शिकवत, हा शब्द आधी. थव्याला त्याचा कोण अभिमान!

त्यातल्या एकीचा मुलगा पाचू. वयात आला तसा तो आपल्याच चोचीने आपली पिसं उपटू लागला. "आई, आत सारखं काहीतरी टोचतं गं," तो म्हणाला.

"पेरू आहेत, मिरच्या आहेत, उबदार ढोली आहे. तुला काय कमी आहे रे?" आई करवादली. "आणि रावजींपुढे नीट बोल. चारचौघांत माझी शोभा करू नकोस."

पाचू नीट बोलला. रोज बोलला. आई मात्र उजाडायच्या आत ढोलीतली हिरवी पिसं गुपचूप खाली ढकलायची, कुणाला दिसू नयेत म्हणून.

एक दिवस ससाणा आला. सगळा थवा भुर्रकन उडाला. पाचूनेही पंख पसरले, पण त्यांत उडण्याइतकी पिसंच उरली नव्हती.

संध्याकाळी थवा हळहळला. "पण कालच तर मजेत म्हणाला होता!" रावजी म्हणाले. मग सवयीने ते त्याच्या आईपाशी थांबले. "कसं काय?"

तिला टाहो फोडायचा होता. तिने चोच उघडली.

"मजेत," ती म्हणाली.