यंत्राच्या डोळ्यातलं भिंग

जर्मनीत शिकून परतले, तेव्हा वाटलं होतं की माझ्या तपासणी यंत्रामुळे आमच्या भिंगांच्या कारखान्याचं भलं होईल. प्रत्यक्षात सत्तावीस वर्षं दिव्यासमोर भिंगं तपासणाऱ्या कुमुदताईंच्या हाती निरोपाचं पत्र पडलं. यंत्राने पास केलेलं एक भिंग त्यांनी नापास केलं होतं.

"बाई, डोळे गेले तुमचे," मालक हसले.

"असेल, साहेब. पण यंत्र बघतं ते आपल्याच कारखान्यातल्या भिंगातून, आणि ते गेल्या महिन्यात मीच पास केलंय. माझे डोळे गेले असतील, तर यंत्राचे कुठले शाबूत?"

पत्र मात्र मालकांनी मागे घेतलं नाही. कुमुदताई भिंगं पुसायचं मऊ फडकं माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांनी नापास केलेलं भिंग दिव्यासमोर धरलं. केसाएवढा ओरखडा होता. यंत्र बंद केलं आणि कुमुदताईंच्या घरी शिकायला निघाले.