परक्या चोराची गोष्ट

३ एप्रिल. सकाळपासून कोरडा वारा, माळावर धूळ, आकाशात ढग नाही. खडकमाळ गावची पाण्याची टाकी रिकामी निघाली.

या गावात वामन उपासे नावाचा लेखक राहत होता. घोडे, रुंद टोप्या आणि पिस्तुले असलेली एक टीव्हीमालिका गावच्या माळावर चित्रित होई. तिचे भाग वामन लिही. जुन्या गोष्टीतल्या राजाला तो शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार, करी आणि रथाच्या जागी घोडागाडी आणी.

एकदा त्याने गावातल्या पोरासोरांना पाठ असलेली गोष्ट घेतली. राजा दवंडी पिटतो, तळ्याचे पाणी चोरील त्याला हद्दपार करीन. पहिला चोर राजपुत्रच निघतो. राजा त्याला स्वतः वेशीपर्यंत पोचवतो.

निर्माता म्हणाला, "शेरीफ पुढच्या बुधवारच्या भागातही लागतो. पोराला हाकलून तो हसत घोड्यावर बसेल कसा? चोर परका दाखवा."

वामनने चोर परका दाखवला. ते काम हिरू घोडेवाल्याने केले. मालिकेचे घोडे घेऊन तो बाहेरगावाहून आला होता. शेरीफने त्याला हाकलले तेव्हा गावाने टीव्हीपुढे टाळ्या वाजवल्या.

मालिका संपली. हिरू गावातच राहिला. यंदा पाणी आटू लागले, तसा सरपंचांनी नियम केला, टाकीचे पाणी चोरील त्याने गाव सोडायचे. आठवड्याच्या आत त्यांच्याच मुलाने ते आपल्या केळीच्या बागेत सोडले. वामनने ते डोळ्यांनी पाहिले.

३ तारखेला टाकी रिकामी निघाली, तेव्हा पंचनामा लिहायला वामनलाच बोलावले. त्याचे अक्षर चांगले होते.

"नाव कोणाचं घालू?" त्याने विचारले.

"मालिकेत घातलंत त्याचंच घाला," सरपंच म्हणाले. "लोकांना सवय आहे."

हिरू दारात उभा होता. "वामनराव, घोडी गाभण आहे. पुढचं पाणी नऊ कोसांवर. कोणी सोडलं ते तुम्हाला ठाऊक आहे."

वामनने कागदावर तारीख घातली.

"मग टोपी तरी द्या," हिरू म्हणाला. "मागच्या खेपेला टोपी घालून गेलो होतो."

पंच हसले. वामनने नाव लिहिले, खाली सही केली.

हिरू चार घोडे घेऊन अकरा वाजता निघाला. घोडी सहाव्या कोसावर पडली, ती उठली नाही. ११ एप्रिलला टाकी पुन्हा रिकामी निघाली.

तात्पर्य: गोष्टीतला दोष जो आपल्या माणसावरून उचलून परक्यावर ठेवतो, तो वेळ आली की खरा दोषही तिथेच ठेवतो.